कचेरी बुडाली तरी काम बुडू नये
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी शिक्षणप्रसार, विवाहातील खर्चाला आळा, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह हे विषय नेहमी निघतात. ते नेहमी निघतात म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. तथापि आज आम्ही एक निराळा विषय आपणांपुढे ठेवणार आहोत. पूर, आग अथवा भूकंप यांपैकी एखादे संकट सरकारी कचेरीवर कोसळले असता तिचे काम चालू कसे राहावे, जे नष्ट झाले ते पुन्हा कसे उभे करावे, आणि या कार्याचे पुढारपण ज्याच्याकडे येते त्याने काय काय केले पाहिजे, हा तो विषय होय.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; सारा जन्म शाळेत खडू आणि हजेरीपट यांच्या संगतीत गेला. या शास्त्राचे आम्ही पंडित नव्हे. परंतु आमचे काही जुने विद्यार्थी आज सरकारी खात्यांत आणि संगणकाच्या कामात आहेत. त्यांच्याशी वेळोवेळी झालेला विचारविनिमय, वाचन आणि पूरग्रस्त भागातील शाळेत काढलेली वर्षे एवढ्या सामग्रीवर हे विवेचन करीत आहोत.

आपणांपैकी पुष्कळांच्या मनात येईल की, सरकारी कचेरीची काळजी सरकारने वाहावी. ज्ञातिसंमेलनात तिचे काय प्रयोजन? या शंकेचे उत्तर प्रथम देणे अवश्य आहे. आपल्या राज्यात जातीचे प्रमाणपत्र देण्याविषयी आणि त्याच्या पडताळणीविषयी सन २००० चा अधिनियम आहे. त्यात जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकलेली आहे. पुरावाही जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानले जातात. आजोबा किंवा पणजोबा यांची त्या दिनांकापूर्वीची नोंद नातवाला दाखवावी लागते. ती नोंद कोठे असते? प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात, गाव नमुना चौदामध्ये, कोतवाल बुकात किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील एखाद्या बस्त्यात. पुष्कळ ठिकाणी ती वही जगात एकच असते. नदीला पूर आला आणि ती वही भिजून गेली, तर त्या गावच्या साऱ्या मुलांचा हक्क त्या पाण्याबरोबर वाहून जाण्याची भीती असते.

श्रीमंताचे कागद वकिलाकडे असतात, बँकेच्या तिजोरीत असतात. गरिबाचा पुरावा मात्र सरकारच्या कपाटातच असतो. म्हणून कचेरीवरील संकटाचा सर्वांत मोठा घाव साहेबाच्या खुर्चीवर बसत नाही, तो दाराबाहेर अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसावर बसतो. निराधार विधवेचे अनुदान, शेतकऱ्याचा सात-बारा, निवृत्त शिपायाचे पेन्शन, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ही सर्व कचेरी चालू असण्यावर अवलंबून आहेत. तेव्हा हा विषय आपला आहे, आणि आपल्या प्रत्येक घरचा आहे.

आता विषयाकडे वळू. संकटानंतरच्या कामाचे दोन भाग पडतात आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. एखाद्याच्या स्वयंपाकघराला आग लागली अशी कल्पना करा. घर पुन्हा शाकारणे, चूल मांडणे, भांडीकुंडी आणणे यांस काही महिने लागतील. परंतु घरातील लेकरांना त्या रात्री जेवण हवेच असते. ते शेजारणीच्या चुलीवर होते. शेजारच्या चुलीवर झालेले जेवण हे कार्यसातत्य. नवे स्वयंपाकघर बांधणे ही पुनःस्थापना. दोन्ही अवश्य आहेत, पण आधी जेवण. ज्या कचेरीत केवळ भिंती उभ्या करण्याचा विचार होतो आणि मधल्या काळात लोकांनी काय करावे याचा होत नाही, तेथे पुनःस्थापना पूर्ण होईपर्यंत लोकांचे हाल होतात.

या दोहोंचे लहानसे उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. सन २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला मोठा पूर आला, तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका शाळेत होतो. तेथील मुख्याध्यापक शिस्तीचे गृहस्थ होते. दर वर्षी मृग नक्षत्र लागले की ते जनरल रजिस्टर, सेवापुस्तके आणि वेतनाची कागदपत्रे पत्र्याच्या दोन पेट्यांत भरून ठेवीत. कोणत्या पेटीत काय आहे याची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटविलेली असे, आणि पाणी कोणत्या पायरीला लागले की पेट्या उचलायच्या हेही ठरलेले असे. पाणी त्या पायरीला लागले त्या रात्री मुख्याध्यापक गावात नव्हते. तरीही शिपायाने आणि एका शिक्षकाने पेट्या उंचवट्यावरील एका घरात नेऊन ठेवल्या. शाळेत पाणी शिरले. बाके, फळे, नकाशे सर्व गेले. पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी देवळाच्या ओवरीत वर्ग भरले आणि त्याच दिवशी एका मुलाला तालुक्याच्या गावी प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला गेला. त्याच पुरात दुसऱ्या एका शाळेची रजिस्टरे खालच्या कप्प्यात राहिली. त्यांचा नंतर चिखलाचा गोळा झाला आणि तेथील मुलांना पुढे वर्षानुवर्षे पुराव्यासाठी वणवण करावी लागली. दोन्ही शाळांत माणसे सारखीच होती. एका ठिकाणी विचार आधी झाला होता, एवढाच काय तो भेद.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्याच्या राजधानीत घडली. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसांनी प्राण गमावले. सहाव्या मजल्यावरील मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांची दालनेसुद्धा भस्मसात झाली. असंख्य नस्त्या जळाल्या. ज्या इमारतीतून साऱ्या राज्याचा कारभार चालतो तीच इमारत काही तासांत निरुपयोगी झाली.

त्यानंतरचे काम विचार करण्यासारखे आहे. पुढच्या आठवड्याच्या आरंभी खालच्या मजल्यांवर कामकाज पुन्हा सुरू झाले. जळालेल्या मजल्यांवरील विभागांना जवळपासच्या इमारतींत जागा शोधण्यात आल्या. काहींनी गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारात, तर काहींनी जागतिक व्यापार केंद्राच्या इमारतीत बिऱ्हाड थाटले. मूळ इमारतीचे नूतनीकरण पुढे बराच काळ चालले होते, पण तोवर राज्य थांबले नाही. हे झाले कार्यसातत्य. पुनःस्थापनेत नस्त्यांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. तेथे एक जुनी सरकारी चाल उपयोगी पडली. सरकारी पत्राची एक प्रत पाठविणाराकडे आणि एक मिळविणाराकडे राहते. मंत्रालयातील नस्ती जळाली तरी आयुक्तांच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि संचालनालयांच्या कचेऱ्यांत तिच्यातील पुष्कळसे कागद शिल्लक होते. ते मागवून नस्त्या नव्याने बांधाव्या लागल्या. ज्या कागदांच्या प्रतिमा आधीच संगणकावर उतरविल्या होत्या, त्यांचे काम सोपे झाले. मात्र नस्तीवरील टिपणे, अधिकाऱ्यांचे शेरे, एखादा निर्णय का घेतला याची कारणे यांची दुसरी प्रत सहसा कोठे नसते. अशा गोष्टी जळाल्या की त्या माणसांच्या आठवणीतच काय त्या उरतात, आणि माणसे बदलीवर जातात.

यावर कोणी म्हणेल की, कागदाचे युग संपले, आता सर्व काही संगणकावर आहे. मग ही चिंता कशाला? या भ्रमाचे उत्तर दक्षिण कोरिया देशात घडलेल्या एका घटनेने दिले आहे. संगणकाच्या वापरात पुढारलेल्या राष्ट्रांत त्या देशाची गणना होते. तेथील देजॉन या शहरात सरकारच्या राष्ट्रीय संगणक-केंद्राची इमारत आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तेथे वीज साठविणाऱ्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालले असता आग भडकली. ती विझविण्यास जवळजवळ २२ तास लागले. सावधगिरी म्हणून केंद्रातील सर्व यंत्रणा बंद कराव्या लागल्या. प्रथम त्यांची संख्या ६४७ सांगण्यात आली; पुढे मोजदाद पूर्ण झाल्यावर ती ७०९ निघाली. त्यांपैकी ९६ यंत्रणा प्रत्यक्ष जळाल्या. ओळखपत्र, टपालखात्याच्या बँकेचे व्यवहार, सरकारी संकेतस्थळे अशा कितीतरी सेवा एका रात्रीत थांबल्या. काही सेवा दोनतीन दिवसांत परत आल्या, काहींना अनेक आठवडे लागले.

त्या आगीतील सर्वांत दुःखद हानी निराळीच होती. सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद साठवावेत म्हणून तेथे एक सामाईक कोठार केले होते. त्याला जी-ड्राइव्ह असे नाव होते. एका खात्याने तर आपल्या नोकरांना कागद स्वतःच्या यंत्रावर न ठेवता त्या कोठारातच ठेवावेत असा दंडक घातला होता. सुमारे सव्वा लाख अधिकारी ते कोठार वापरीत होते. त्यात ८५८ टेराबाइट एवढा माहितीचा साठा होता, आणि एवढ्या मोठ्या साठ्याची दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवलेली नव्हती. ते कोठार जळाले आणि त्यातील काम गेले. ज्या कागदांवर अंतिम मंजुरी झाली होती त्यांच्या प्रती दुसऱ्या एका यंत्रणेत असल्यामुळे तेवढे परत मिळण्याजोगे राहिले.

मंत्रालयात कागद जळाला, देजॉन येथे यंत्र जळाले. दोन्ही ठिकाणी जे वाचले ते दुसरीकडे प्रत होती म्हणून वाचले, आणि जे गेले ते एकाच ठिकाणी होते म्हणून गेले. संगणक आला म्हणून धोका नाहीसा होत नाही. उलट, पूर्वी हजार गावांच्या हजार कपाटांत विखुरलेली माहिती आता एका छपराखाली येते, म्हणून एका आगीत सर्वांचे नुकसान होऊ शकते. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात अशी मोठी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे ठेवली आहेत. शहरे एकमेकांपासून दूर असणे यातच शहाणपण आहे. कारण एकाच भूकंपाने किंवा एकाच पुराने ही चारही शहरे एका वेळी सापडण्याचा संभव फार थोडा.

आता अशा कार्याच्या प्रमुखाने काय करावे ते क्रमाने सांगतो. पाहिजे तर हा आमचा धडा समजा.

पहिली गोष्ट म्हणजे कामांची प्रतवारी. कचेरीत पन्नास प्रकारची कामे चालतात आणि प्रत्येक कारकुनाला आपलेच काम महत्त्वाचे वाटते. प्रमुखाने शांत काळात बसून ठरविले पाहिजे की, उद्या सर्व काही बंद पडले तर पहिल्या दिवशी काय सुरू व्हावे, आठवड्यात काय, आणि महिन्याने काय चालेल. तहसील कचेरीचे उदाहरण घ्या. पुराच्या दुसऱ्या दिवशी छावणीतील लोकांचे अन्नपाणी, औषधोपचार आणि मृतांची नोंद ही कामे थांबू शकत नाहीत. पाठोपाठ नुकसानीचे पंचनामे. मग निराधारांचे अनुदान, कारण त्या घरांत साठवणीचे धान्य नसते. नंतर दाखले आणि उतारे. जुन्या अपिलांची सुनावणी महिनाभर पुढे गेली तर आकाश कोसळत नाही. ही यादी संकटाच्या गोंधळात करू म्हटले तर होत नाही. तेव्हा जो मोठ्याने ओरडतो त्याचे काम आधी होते, आणि गरीब माणूस तर ओरडतही नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कामासाठी दोन मापे ठरवावीत. हे काम जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिले तर चालेल, हे पहिले माप. किती वेळचे लेखन पुन्हा करावे लागले तर सोसेल, हे दुसरे. रोज संध्याकाळी प्रत काढणाऱ्या कचेरीचे फार तर एका दिवसाचे लेखन जाईल. महिन्यातून एकदा काढणाऱ्या कचेरीचे महिन्याचे जाईल. पगारपत्रकाला कदाचित एका दिवसाचे नुकसान चालेल. पैसे भरण्याच्या पावत्यांना एका तासाचेही चालणार नाही. सगळ्यांसाठी सर्वोत्तम व्यवस्था करावयाची तर खजिना पुरणार नाही. म्हणून मापे ठरवून, जेथे गरज आहे तेथेच खर्च करावा.

तिसरी गोष्ट प्रतींची. या विद्येतील लोक तीन, दोन, एक असा सोपा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. आमच्या मते यात आणखी एका वाक्याची भर घातली पाहिजे: ठेवलेली प्रत उघडून पाहावी. बुरशी लागलेली वही आणि न उघडणारी तबकडी या दोहोंची किंमत एकच. वर्षातून एकदा तरी, मूळ नाहीच असे समजून केवळ प्रतीवरून काम करून पाहावे, म्हणजे प्रतीची परीक्षा होते.

चौथी गोष्ट माणसांची आणि अधिकाराची. संकट हे साहेबांच्या रजेची चौकशी करून येत नाही. प्रमुख जागेवर नसेल तर कोण, तोही नसेल तर कोण, अशी तीन नावे लेखी असली पाहिजेत. केवळ नावे पुरेशी नाहीत. त्या माणसाला जागा भाड्याने घेण्याचा, गाडी मागविण्याचा, ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याचा अधिकार आधी दिलेला असावा. आमच्या शाळेत मुख्याध्यापक गावात नसताना पेट्या हलल्या, त्या शिपायाला तो अधिकार आधीच दिलेला होता म्हणून. दूरध्वनीचे क्रमांक, किल्ल्यांची जागा, यंत्रांचे परवलीचे शब्द यांची नोंद मोहरबंद करून कचेरीबाहेर सुरक्षित ठेवलेली असावी. तीच नोंद जळणाऱ्या कपाटात असेल तर तिचा काय उपयोग?

पाचवी गोष्ट सराव. शाळेत कवायत होते, तशी या कामाचीही व्हावी. एखाद्या दिवशी सर्वांना सांगावे की, आज ही इमारत नाही असे समजा आणि शेजारच्या इमारतीतून काम करून दाखवा. पहिल्या वेळी फजिती होते. कोणाला शिक्का सापडत नाही, कोणाला कोरे फॉर्म मिळत नाहीत. ती फजिती सरावात झालेली बरी.

सहावी गोष्ट, दैनंदिन काम आणि पुनःस्थापनेचे काम यांसाठी निराळे हात असावेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्या कार्यक्रमासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली होती. तीच माणसे दिवसा महसुलाची वसुली आणि रात्री घरांचे नकाशे पाहू लागली असती तर दोन्ही कामे बिघडली असती. किल्लारीच्या अनुभवातूनच आपल्या राज्यात आपत्तीचे नियोजन आधी करून ठेवण्याच्या विचाराने मूळ धरले. पुढे सन २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम देशभर आला. त्यान्वये राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, आणि सरकारी खात्यांनी आपापले आराखडे करावेत असे सांगितले आहे. आराखडा कायद्याने होतो, पण तो कपाटातून बाहेर काढून वाचण्याचे काम माणसालाच करावे लागते.

सातवी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जी माणसे दिवसरात्र खपून कचेरी उभी करतात त्यांची काळजी प्रमुखाने घेतली पाहिजे. पूरग्रस्त गावातील तलाठ्याचे स्वतःचे घरही पाण्यात असते, हे वरिष्ठ विसरतात. देजॉनच्या आगीनंतर पुनःस्थापनेच्या कामाशी संबंधित असलेल्या एका अधिकाऱ्याचा ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी दुर्दैवी अंत झाला. त्याच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु अशा वेळी माणसांवर केवढा भार येतो, याचा विचार त्या वार्तेने प्रत्येकाच्या मनात यावा. पाळ्या लावाव्यात, झोपेसाठी सक्तीने घरी पाठवावे, जेवणाची सोय करावी. दोष कोणाचा याची चौकशी अवश्य व्हावी, पण आग विझण्यापूर्वी नव्हे. ज्या कचेरीत पहिल्याच दिवशी बळीचा बकरा शोधला जातो, तेथे दुसऱ्या दिवसापासून कोणी खरे बोलत नाही; आणि खरे कळल्याविना दुरुस्ती होत नाही.

जाता जाता भिजलेल्या कागदांविषयी चार व्यवहाराच्या सूचना सांगतो. त्या घरीही उपयोगी पडतील. भिजलेली वही कडक उन्हात घालू नये, इस्त्री तर मुळीच करू नये. पाने ओढून सोडवू नयेत. ओला कागद हाताला येतो आणि फाटतो. वही उभी ठेवून, पानांमध्ये टीपकागद किंवा स्वच्छ कोरा कागद घालून, तो वारंवार बदलीत, सावलीत वाऱ्यावर सुकवावी. दोन दिवसांच्या आत हे काम हाती घ्यावे, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. वह्या फार असतील आणि तेवढ्यात सुकविणे शक्य नसेल तर त्या गोठवून ठेवण्याची युक्ती जाणकार सांगतात. त्यामुळे बुरशी थांबते आणि पुढे सावकाश काम करता येते. अक्षर पुसट झाले तरी वही फेकू नये. तज्ज्ञाला पुष्कळदा आपल्याहून अधिक वाचता येते.

बंधुभगिनींनो, या कामात एक मोठी अडचण आहे ती स्पष्ट बोलली पाहिजे. यात मान नाही. पूल बांधणाराचे नाव शिलेवर कोरले जाते. पत्र्याच्या पेटीवर यादी चिकटविणाराचे कोठेही लिहिले जात नाही. काम उत्तम झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून पुढच्या वर्षी त्यावरचा खर्च कमी होतो. पंचवीस वर्षे पूर आला नाही की पेट्या माळ्यावर जातात आणि सव्विसाव्या वर्षी पाणी येते. दुसरी प्रत ठेवणे म्हणजे उधळपट्टी असे म्हणणारे हिशेबनीस सर्वत्र असतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, प्रतीचा खर्च मोजताना जळालेली वही पुन्हा लिहिण्याचा खर्चही शेजारी मांडा. त्यात ज्या मुलाचा प्रवेश हुकला त्याच्या आयुष्याचे मोल धरायला विसरू नका. ते कोणत्याही लेखाशीर्षाखाली बसत नाही.

आपल्या ज्ञातीतील बरीच तरुण मंडळी आज तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कारकून, अभियंते म्हणून सरकारी सेवेत आहेत, आणि काही थोडी मोठ्या हुद्द्यांवर पोहोचली आहेत. त्यांस आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या हाताखालच्या दप्तराकडे या दृष्टीने एकदा पाहा. कोणती वही एकच आहे? ती कोणत्या कप्प्यात आहे? तिची प्रत कोठे आहे? आपण उद्या आजारी पडलो तर हे कोणाला माहीत आहे? या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा आणि वरिष्ठांपुढे ठेवा. हे काम आपल्या जातीपुरते नव्हे, सर्वांसाठी करावयाचे आहे. जनरल रजिस्टराच्या एका पानावर साऱ्या गावची मुले ओळीने बसलेली असतात, आणि पाणी कोणाची ओळ निवडून भिजवीत नाही.

संघाच्या चालकांस एक सूचना करावीशी वाटते. पुढील वर्षापासून पावसाळ्यापूर्वी एक रविवार कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी सुशिक्षित तरुणांनी इतरांना मदत करावी. वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदीचे, जन्ममृत्यूच्या नोंदीचे साक्षांकित उतारे कसे मिळवावेत ते दाखवावे. अर्ज लिहून द्यावेत. सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये दाखले कसे ठेवावेत ते शिकवावे. मूळ कागद घरी, छायाप्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि तिसरी प्रत संगणकावर, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. घरातील कागद बहुधा आपल्या माताभगिनी सांभाळतात, म्हणून त्या दिवशी त्यांची उपस्थिती विशेष असावी. या योजनेस फारसा पैसा लागत नाही. आमच्याकडून होईल ती मदत, अर्ज लिहिण्यापासून ते उतारे ताडून पाहण्यापर्यंत, आम्ही आनंदाने करू.

वेळ बराच झाला आणि अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.  संघाच्या कार्यास उत्तरोत्तर यश येवो, अशी इच्छा प्रदर्शित करून आम्ही आपली रजा घेतो.